‘व्हायरल’ जुलाबात मोठ्या आतड्याचं नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले ४६ वर्षांचे गृहस्थ. एका मुंजीत जेवले, दुसऱ्या दिवशी रात्रीपासून उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. त्याच पंगतीतले आणखी आठ-दहा जण आजारी. तिसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या, जुलाबही कमी झाले. फॅमिली डॉक्टर म्हणाले, ‘व्हायरल आहे, जाईल.’ दरम्यान कुणाच्या तरी सल्ल्याने सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टात आलं: मोठ्या आतड्याच्या भिंतीला सौम्य सूज, आतड्यात पाणी, पोटात काही लहान लसिकाग्रंथी, ‘इन्फेक्टिव्ह कोलायटिसची शक्यता’, म्हणजे संसर्गाने मोठ्या आतड्याला सूज आली असावी. आता त्यांना जाणून घ्यायचंय की व्हायरसने मोठं आतडं खराब झालं का, अँटिबायोटिकचा कोर्स घ्यावा का, कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करावी का. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की ७४ वर्षांच्या वडिलांनाही सकाळपासून जुलाब सुरू झालेत.

तुमचं नंतर बघू, आधी वडील. सत्तरी ओलांडलेला माणूस अशा जुलाबात आतडं बिघडल्यामुळे अडचणीत येत नाही, अंगातलं पाणी आणि क्षार कमी पडल्यामुळे येतो. ते बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी किंवा लघवी जास्त करणारी गोळी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा डॅपाग्लिफ्लोझिन यांपैकी काही घेत असतील, तर आत्ताच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि जुलाब थांबेपर्यंत कोणती गोळी थांबवायची ते विचारून घ्या. शरीर कोरडं पडत असताना यांतल्या काही गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात, आणि मूत्रपिंड मंदावलं की मेटफॉर्मिन अंगात साचतं. इन्सुलिन चालू असेल तर ते मात्र मनाने बंद करू नका. अंग दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, पॅरासिटामॉल चालेल. प्रत्येक जुलाबामागे पेलाभर ओआरएस, घोटघोट. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर किती पाजायचं तेही त्याच फोनवर विचारा. सात-आठ तासांत लघवी झाली नाही, उभं राहिल्यावर चक्कर आली, बोलणं असंबद्ध झालं किंवा उलटीमुळे पोटात काही टिकेना, तर घरी वाट पाहू नका. सलाईन लागेल.

आता तुमच्याकडे वळू. एकाच जेवणातले अनेक जण, जेवणानंतर १२ ते ४८ तासांत सुरुवात, उलट्यांचा जोर, रक्त नाही, आणि एक ते तीन दिवसांत उतार. तपासणी न करताही हे वर्णन नोरोव्हायरसचं आहे असं मी म्हणेन. १९६८ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावच्या शाळेत अशीच साथ आली होती. त्या साथीतल्या नमुन्यांत हा विषाणू १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला आणि गावाचंच नाव त्याला चिकटलं. मोठ्या माणसांतल्या विषाणूजन्य जुलाबांत आजही याचा वाटा सर्वात मोठा. रोटाव्हायरस मुख्यतः लहान मुलांचा, पण नातवंडांकडून आजी-आजोबांना होतो. सॅपो, अॅस्ट्रो आणि अॅडिनोव्हायरसचे ४० व ४१ हे प्रकार अधूनमधून भेटतात. उपचारात त्याने फरक पडत नाही, म्हणून नावं शोधण्यात पैसे घालवू नका.

मुद्द्याची गोष्ट ही, की या सगळ्यांचं बस्तान लहान आतड्यात असतं. नॉरवॉक विषाणू सापडला त्या काळात अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांना तो मुद्दाम पाजून त्यांच्या आतड्याचे तुकडे तपासले गेले. लहान आतड्याच्या वरच्या भागात बदल स्पष्ट दिसले. अन्नरस शोषणारे उंचवटे बुटके आणि बोथट झालेले, पेशींमध्ये सूज, साखर पचवणारी विकरं (एन्झाइम्स) कमी झालेली. जठराच्या आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरात मात्र तसा काहीच बदल सापडला नाही. माणूस दिवसातून दहा वेळा संडासला पळतोय आणि मोठ्या आतड्याचं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली चांगलं! जठराचीही तीच तऱ्हा: अस्तर शाबूत, पण ते रिकामं होण्याचा वेग मंदावतो. मळमळ आणि ‘परवाचं जेवण अजून वर येतंय’ ही तक्रार त्यातलीच.

मग जुलाब इतके का होतात? इथे थोडा पाण्याचा हिशोब करावा लागतो. आपण दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी खाण्यापिण्यातून घेतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्राव मिळून त्यात आणखी सहा-सात लिटरची भर पडते. म्हणजे रोज आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यातून जातो. त्यातला बहुतेक तिथेच शोषला जातो आणि मोठ्या आतड्यात पोचतो तो एक ते दीड लिटर. मोठं आतडं त्यातलंही जवळपास सगळं पाणी आणि मीठ परत रक्तात घेतं. शौचातून बाहेर जातं ते जेमतेम १०० ते २०० मिली. गरज पडली तर निरोगी मोठं आतडं दिवसाला चार-पाच लिटरपर्यंत पाणी ओढू शकतं. ही राखीव ताकद असल्यामुळेच लहान आतड्यातली छोटी-मोठी गडबड आपल्याला कधी कळतही नाही.

पण ती ताकद पाणी सावकाश आलं तरच कामाला येते. पुणेकरांना हे वेगळं समजावायला नको. पानशेत आणि वरसगाव भरून वाहू लागली की खडकवासल्यातून पाणी सोडावंच लागतं. नदीकाठच्या रस्त्यावर पाणी आलं म्हणून खडकवासल्याची भिंत फुटली असं कुणी म्हणत नाही. नोरोव्हायरसमध्ये नेमकं असंच होतं. लहान आतड्याची शोषण्याची ताकद एका रात्रीत घसरते, न शोषलेलं पाणी लोंढ्याने खाली येतं, आणि मोठं आतडं घेता येईल तेवढं घेऊन उरलेलं पुढे ढकलतं. खरं तर जुलाबातही ते काम करत असतं. ते नसतं तर तुम्ही याहून कितीतरी जास्त पाणी गमावलं असतं. शस्त्रक्रियेत मोठं आतडं काढलेल्या लोकांना साधा व्हायरल जुलाबही सलाईनपर्यंत नेतो, तो याच कारणाने.

पाण्याबरोबर आणखी दोन गोष्टी खाली उतरतात आणि त्या मोठ्या आतड्याला थेट त्रास देतात.

पहिली, न पचलेली साखर. विकरं कमी झाल्यामुळे विशेषतः दुधातली साखर तशीच खाली जाते. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिला आंबवतात. त्यातून वायू होतो, आम्ल होतं. फेसाळ, आंबूस वासाचे, आवाज करत होणारे जुलाब आणि ‘पोटात सारखं गुडगुडतंय’ ही तक्रार या आंबण्याची. शिवाय न शोषलेली साखर आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते, म्हणजे लोंढ्यात आणखी भर.

दुसरी, पित्तक्षार. एरवी लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात ते परत शोषले जातात. घाईघाईत सगळं पुढे सरकत असेल तर ते मोठ्या आतड्यात शिरतात आणि त्याच्या अस्तराला उलट पाणी सोडायला लावतात. गुदद्वाराची आग आग होते ती यामुळेही. हिरवे जुलाब पाहून लोक घाबरतात, ‘विषबाधा झाली’ म्हणतात. पित्ताचा मूळ रंग हिरवटच असतो. मोठ्या आतड्यात पुरेसा वेळ मिळाला की जिवाणू त्याचा तपकिरी करतात. वेळच मिळाला नाही तर हिरवा बाहेर येतो, एवढंच.

‘घोटभर पाणी प्यायलं की लगेच पळावं लागतं, म्हणजे प्यायलेलं तसंच बाहेर येतंय’ हे मी ओपीडीत पावसाळाभर ऐकतो. तसं नसतं. जठरात काही पडलं की मोठ्या आतड्याला आकुंचनाचा इशारा जातो. निरोगी माणसातही जातो, सकाळच्या चहानंतर अनेकांना शौचाला होतं ते त्यामुळे. मोठं आतडं पातळ मळाने भरलेलं असताना तोच इशारा संडासापर्यंत पळवतो. बाहेर पडतं ते आधीचं. म्हणून पाणी बंद करणं हा उपाय नाही. लोक नेमकं तेच करतात आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडतात.

एक गोष्ट रुग्णांना कुणी फारशी सांगत नाही. मोठं आतडं पाणी आणि मीठ आत घेतं, पण पोटॅशियम बाहेर सोडतं. जुलाब जितके जास्त, तितकं पोटॅशियम जास्त जातं. पाय गळून जाणं, पोटऱ्यांत गोळे येणं, जुलाब थांबल्यावर पोट फुगून बसणं, यामागे बऱ्याचदा ते असतं. साध्या मीठ-साखरेच्या पाण्यात पोटॅशियम नसतं, ओआरएसच्या पुडीत असतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून नारळपाणी जोडीला चांगलं, ओआरएसच्या बदल्यात नाही.

आता तुमचा रिपोर्ट. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी जे दिसलं ते लिहिलं, त्यात गैर काही नाही. पण त्या शब्दांचं वजन समजून घ्या. पाण्याने भरलेली आतड्याची वेटोळी हे जुलाब चालू असल्याचं चिन्ह, आणि ते तुम्हाला रिपोर्टाशिवायही ठाऊक होतं. आतडं फुगलेलं असताना त्याची भिंत साधारण ३ मिलिमीटरच्या आत असते, पण जो भाग त्या क्षणी मिटलेला असतो तिथे निरोगी भिंतही जाड दिसते. त्यात पोटात वायू, रुग्ण कळवळलेला, आणि तपासणी पाच मिनिटांची. लहान लसिकाग्रंथी कुठल्याही पोटाच्या संसर्गात थोड्या मोठ्या होतात आणि आपोआप बसतात. ‘शक्यता’ हा शब्दही रिपोर्टात उगाच नसतो. आता इथे दवाखान्यात बघा, आम्हाला तेवढ्याच रिपोर्टावर निदान करायला लावणारा रुग्ण रोज येतो. मी त्याला रिपोर्ट बाजूला ठेवायला सांगतो आणि विचारतो: शौचातून रक्त पडलं का? आव पडते का? मुरडा येतो का?

कारण मोठं आतडं खरोखर सुजलं की त्याची भाषाच बदलते. लहान आतड्याचे जुलाब भरपूर, पाण्यासारखे, संख्येने त्यामानाने कमी पण मोठ्या प्रमाणात; कळ बेंबीभोवती. मोठ्या आतड्याच्या सुजेत वारंवार जावं लागतं, पण पडतं चमचाभर. त्यात आव, रक्त. कळ खाली ओटीपोटात किंवा डाव्या बाजूला. आणि तो मुरडा, म्हणजे जाऊन आलं तरी पुन्हा बसावंसं वाटणं, कुंथूनही काही न पडणं. बरोबर ताप चढता असेल तर संशय शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला अशा जिवाणूंवर जातो. ताप फारसा नसेल आणि तक्रार आठवडाभर रेंगाळत असेल तर आपल्याकडे अमिबाही आठवावा लागतो. यांत विष्ठा तपासणी उपयोगी पडते. रिपोर्टात ‘पस सेल्स’ (पुवाच्या पेशी) दोन-चार असतील तर त्याला अर्थ नाही. ‘भरपूर’ आणि जोडीला तांबड्या पेशी असतील तर गोष्ट वेगळी. जुलाबात विडाल टेस्ट करून टायफॉइडची गोळी सुरू करण्याची पद्धत मात्र आता सोडायला हवी.

विषाणूमुळे मोठं आतडं खरंच खराब होतं असे प्रसंग नाहीत असं नाही. सायटोमेगॅलोव्हायरस मोठ्या आतड्यात खोल व्रण करतो, रक्त पाडतो. पण तो जवळपास नेहमीच प्रतिकारशक्ती दबलेल्यांमध्ये: प्रत्यारोपण झालेले, बराच काळ स्टिरॉइडवर असलेले, एचआयव्हीचा आजार पुढे गेलेला, किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस औषधांना दाद देत नसलेला. अशाच लोकांत साधा नोरोव्हायरसही महिनोन्‌महिने ठाण मांडतो. ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (दोन्ही आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या सुजेचे आजार) आहे त्यांचा आजार एखाद्या पोटाच्या संसर्गानंतर पुन्हा डोकं वर काढू शकतो. त्यांनी ‘व्हायरल असेल’ म्हणून आठवडा काढू नये.

तिसरा प्रसंग तुमच्या वडिलांच्या वयाचा. अंगातलं पाणी खूप कमी झालं आणि रक्तदाब घसरला, तर मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणाजवळच्या भागाला रक्त कमी पडतं. दोन रक्तवाहिन्यांच्या हद्दीवरचा तो भाग, त्यामुळे तुटवडा तिथे आधी जाणवतो. लक्षण ठरलेलं: जुलाब चालू असताना अचानक डाव्या बाजूला दुखतं आणि काही तासांत लालभडक किंवा काळपट लाल रक्त पडतं. इथे विषाणूने मोठ्या आतड्याला हातही लावलेला नसतो, नुकसान पाण्याअभावी झालेलं असतं. असं काही दिसलं तर ताबडतोब रुग्णालय.

अँटिबायोटिकबद्दल माझं मत ठाम आहे. तुम्हाला नको. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी आपल्याकडे जुलाबावर चण्याफुटाण्यासारखी खपते, मेडिकलवाला विचारायच्या आत काढून देतो. विषाणूवर तिचा परिणाम शून्य. आजार तिसऱ्या दिवशी उतरणारच असतो, गोळी दुसऱ्या दिवशी घेतलेली असते, श्रेय गोळीला जातं आणि पुढच्या वेळी माणूस तीच पट्टी मागतो. दरम्यान ती गोळी मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारते. हे जिवाणू न पचलेल्या पिष्टापासून जी लहान आम्लं तयार करतात, त्यांवरच मोठ्या आतड्याच्या पेशी जगतात आणि त्यांच्या जोरावर मीठ-पाणी ओढतात. जिवाणू गेले की जुलाब लांबतात. क्वचित त्या रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू माजतो आणि तो खराखुरा कोलायटिस करतो, अस्तरावर पिवळट पापुद्रे धरणारा, वृद्धांचा जीव घेऊ शकणारा. म्हणजे व्हायरसने न केलेलं नुकसान उपचाराने करून घ्यायचं. आणखी एक: ऑफ्लॉक्सासिन आणि उलटीवरचं ऑन्डॅन्सेट्रॉन दोन्ही हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युतक्रियेवर परिणाम करतात. पोटॅशियम कमी झालेल्या वयस्क माणसाला दोन्ही एकदम देताना डॉक्टरही दोनदा विचार करतात.

अँटिबायोटिक लागतं ते रक्ताचे जुलाब आणि ताप, कॉलऱ्याचा संशय, प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण, अशा निवडक वेळी, तेही तपासून.

मग घ्यायचं काय? ओआरएस, आणि त्यात कंटाळा करायचा नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत होती आणि सलाईन संपलेलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला लावलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशीत एकत्रच शिरतात आणि मागोमाग पाणी ओढतात. नोरोव्हायरसमध्ये नुकसान सगळीकडे सारखं नसतं, शाबूत पेशींतून हा मार्ग चालू राहतो, म्हणून ओआरएस लागू पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी घ्या: एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट. पुडी एक लिटरची असेल तर एक लिटरच पाणी, अंदाजे नाही. खोक्यातली गोड पेयं यासाठी नव्हेत. त्यांतली जास्तीची साखर उलट पाणी आतड्यात खेचते. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली ती याचसाठी. पुडी मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

खाणं बंद ठेवू नका. भाताची पेज, मऊ भात आणि मुगाचं वरण, ताक, केळं, उकडलेला बटाटा. पोटाला ‘आराम’ देण्यासाठी दोन दिवस उपाशी राहिलात तर आतड्याच्या पेशींची भरपाई लांबते. दूध मात्र आठ-दहा दिवस नको, दही-ताक चालतं. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी मोठ्या माणसाने ताप आणि रक्त दोन्ही नसताना प्रवासापुरती घेतली तर हरकत नाही. रेसकॅडोट्रिल स्राव कमी करतं, आतड्याची हालचाल अडवत नाही, म्हणून डॉक्टर ते अनेकदा पसंत करतात. वडिलांना यातलं काहीही विचारल्याशिवाय देऊ नका.

घरातल्या इतरांसाठी एवढंच: या विषाणूवर हाताला लावायचं अल्कोहोल सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण आणि वाहतं पाणी लागतं. संडास आणि उलटी झालेली जागा ५ टक्क्यांच्या हायपोक्लोराइटने पुसा, लिटरभर पाण्यात साधारण २० मिली. बरं वाटल्यावर निदान दोन दिवस तुम्ही स्वयंपाकात हात घालू नका. विष्ठेतून विषाणू त्यानंतरही दोन आठवडे किंवा जास्त पडत राहतो, त्यामुळे हात धुणं सुटता कामा नये.

आता पुढचे काही आठवडे. जुलाब थांबल्यावर दोन-तीन दिवस शौचालाच होणार नाही. मोठं आतडं रिकामं झालेलं असतं, भरायला वेळ लागतो. रेचक घेऊ नका. लहान आतड्याचं अस्तर साधारण दोन आठवड्यांत पूर्ववत होतं. तरीही काहींचं पोट महिनाभर ‘नाजूक’ राहतं: जेवलं की लगेच जावंसं वाटणं, सकाळी तीन-चार वेळा, पोट फुगणं. कुठल्याही पोटाच्या संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला असा संसर्गोत्तर आयबीएस (चिडलेल्या आतड्याचा त्रास) होतो. विषाणूनंतर तो बहुधा काही महिन्यांत निवळतो, जिवाणूनंतर जास्त रेंगाळतो. इथे मात्र मोठं आतडं खरोखर भागीदार असतं. अस्तर दिसायला चांगलं, पण त्यातल्या संवेदना जाग्या राहिलेल्या, काही दाहपेशी मागे उरलेल्या, जिवाणूंची घडी विस्कटलेली. पित्तक्षारांचं शोषण नीट न सुधारल्यामुळेही काहींचे जुलाब लांबतात, आणि त्यावर वेगळं औषध आहे. अशांना मी इसबगोल, ताक, जेवणाच्या ठरलेल्या वेळा आणि थोडा धीर सांगतो. ‘आतडं कमजोर झालं’ म्हणून वर्षभर पथ्य करणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. ते कमजोर झालेलं नसतं, चिडलेलं असतं.

पुण्यात राहता म्हणून एक सांगायला हवं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे, बरेच रुग्ण आढळले होते. त्यांच्या विष्ठेच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि काहींत नोरोव्हायरसही मिळाला. जुलाबानंतर हा आजार होण्याची शक्यता फार कमी असते. पण पुढच्या दोन-चार आठवड्यांत पायांत मुंग्या येऊन ताकद कमी होऊ लागली, जिना चढता येईना, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर ‘जुलाबाचा अशक्तपणा’ समजून घरी बसू नका.

राहिली कोलोनोस्कोपी. आत्ता मुळीच नको. तिच्या तयारीसाठी पुन्हा जुलाबाचं औषध प्यावं लागेल, आणि या दिवसांत दिसणारा किरकोळ लालपणा कुठल्याच निदानाला पोचवत नाही. विष्ठेतलं कॅल्प्रोटेक्टिनही (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) आत्ता तपासू नका, संसर्गात ते वाढलेलं असू शकतं. चार-सहा आठवड्यांनीही पोट ताळ्यावर आलं नसेल तर ते तपासू. शौचातून रक्त, वजन घटणं, हिमोग्लोबिन कमी, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला, यांपैकी काही असेल तर कोलोनोस्कोपी करायचीच, मग सोनोग्राफीत काहीही लिहिलेलं असो. यांतलं काहीच नसेल आणि महिन्याभरात शौच पूर्वीसारखी झाली, तर सोनोग्राफी पुन्हा करण्याचीही गरज नाही.